काठावरच्या चपला

माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते तेरवी उरकल्यावर. त्याआधी नाही. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. आल्यागेल्यांचा चहा, कणकेचे डबे, कोणाला गादी नि कोणाला सतरंजी, या धबडग्यात विचार करायला सवड कुठली? एकदा पाहुणे एसटीत बसले, मंडप उतरला आणि वाढताना एक ताट जास्तीचं निघालं, की शंका डोकं वर काढते. आपला माणूस असा कसा गेला? पोलीस म्हणतात तसाच गेला का? मग कोणीतरी सांगतं, वाशिमला एक बाई आहे, ती चौकशी करून देते.

ती बाई म्हणजे मी. मला कोणी ‘गुप्तहेर’ म्हटलं की हसू येतं. गुप्त काय डोंबल आहे त्यात? मी स्कूटी काढली की चौकातला पानवाला ओरडून विचारायचा, “ताई, आज कोणाच्या मागावर?” आधी बरीच वर्षं मी विमा कंपन्यांसाठी मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करत होते. माणूस खरंच मेला का, आणि सांगतात तसाच मेला का, एवढंच बघायचं. आमचे हे म्हणायचे, “लोकांच्या बायका हळदीकुंकवाला जातात, आमची मयतीला जाते.” ते गेल्यावर मी विमेवाल्यांचं काम सोडलं आणि लोकांचं घेतलं. आता गुडघे बोलायला लागले तसं तेही सोडलं.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही भिंग घेऊन फिरतो. अहो, आमच्या हातात काहीही नसतं. कोणाला अटक करता येत नाही, कोणाचं दार ठोठावून ‘उघडा’ म्हणता येत नाही. पोलिसांचे कागद घरच्यांनी वकिलामार्फत मागवायचे आणि मी ते वाचायचे. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब. मग त्या जागी जायचं, त्याच माणसांना पुन्हा भेटायचं आणि चहा पीत बसायचं. पोलिसांपेक्षा माझ्यापाशी एकच गोष्ट जास्त होती, ती म्हणजे वेळ. त्यांच्या डोक्यावर बंदोबस्त आणि मंत्र्यांचे दौरे, माझ्या डोक्यावर फक्त पदर. आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा पोलीस बरोबरच निघायचे. ते घरच्यांना सांगणं हेच माझं मोठं काम.

इंझोरीकडची एक बाई आली होती. नवरा साप चावून गेला. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, पोलिसांनी तसं लिहून घेतलं, हिला मान्य नाही. “बाई, थो साप आमच्या घरचाच व्हता. सासऱ्यापासून गोठ्यात राह्यते. थो कायले चावीन?” तिचा संशय दिरावर होता, सापावर मुळीच नव्हता. आता सापाचा जबाब कोणी घेतला नव्हता, मी तरी काय सांगणार? शेवटी म्हटलं, “अवं, दुसरा असंन. बाहेरगावचा.” ते तिला पटलं. चेहराच उजळला बिचारीचा. लोकांना खरं काय झालं ते हवं असतंच असं नाही, पुढे जगता येईल असं काहीतरी कोणाच्या तोंडून ऐकायचं असतं, हे मी तेव्हा शिकले. मग पुढच्या वेळी त्या हिशेबानेच कामाला लागले आणि सपशेल गोंधळले.

ती गजाननची गोष्ट. नावं मी बदलली आहेत आणि गाव सांगणार नाही, उगाच तालुका कोणता विचारू नका. लिहून काढलं तर मलाच काही उलगडेल म्हणून लिहिते आहे. उलगडेल याची हमी नाही.

शेलूबाजारला हमरस्त्यावरच्या हॉटेलात भेट ठरली. त्यांना जीपने यायला आणि मला बसने जायला तेच सोयीचं. दोघं आले, आई शांताबाई आणि तिचा थोरला लेक दिलीप. गेला तो धाकटा, गजानन. मोटारपंप दुरुस्त करायचा, त्याचं वाइंडिंगचं दुकान होतं. मागे बायको रेखा आणि एक लहान मुलगी. सोयाबीन निघालं होतं, दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी वावरात गेला आणि दुपारी स्वतःच्याच विहिरीत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून कागद बंद केले.

“मॅडम, माहा भाऊ पट्टीचा पवनारा,” दिलीप टेबलावर बोट आपटत म्हणाला. “पवनारा मानूस जीव द्याले इहिरीत उडी मारते काय? जीव द्याचाच असता तं दुकानात वायर कमी व्हती?”

त्याचा संशय धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यावर होता. धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्याकडे धुऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत, तिथे शेजारी तो काय! “त्यानंच ढकललं,” दिलीप म्हणाला. “तुमी फक्त शाबित करा.”

शांताबाईसमोरची भजी तशीच निवत होती. दिलीपला फोन आला, तो बाहेर गेला, तशी शांताबाईनं माझं मनगट धरलं. बाईच्या हातात जोर होता.

“बाई, मले मारनारा नाही पाह्यजे. मले एवढंच सांग, त्यानं सोताहून उडी घेतली का नाही घेतली.”

“काहून वं माय?”

“त्या दिवशी सकायी भांडन झालं आमचं. चहात साखर कमी म्हनून रेखावर वरडला. मी मंधात पडली. म्या म्हनलं, जाय, इहिरीत जाऊन पड तिकडे. अन् थो गेला नं बाई.”

आता सांगा, हे कोणत्या आईनं म्हटलेलं नाही? माझ्या आईनं तर मला उठता-बसता विहिरीत ढकललेलं आहे. मर मेले, गाडली जा, हे आमच्याकडे मायेचेच शब्द. पण ज्या दिवशी तोंडातून गेलं त्याच दिवशी तसं झालं, तर त्या बाईनं घास कसा गिळायचा? दिलीपला खुनी पाहिजे होता. तिला तिच्या शब्दातून सुटका पाहिजे होती. मी मनातल्या मनात काम तिचं घेतलं आणि दिलीपला फक्त ‘बघते’ म्हटलं.

कागद आले. मृत्यू पाण्यात बुडून. अंगावर मारल्याची खूण नाही, डोक्याला जखम नाही. पोलिसांचं सगळं म्हणणं एका ओळीवर उभं होतं, विहिरीच्या काठावर मयताच्या चपला जोडीने, विहिरीकडे तोंड करून व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. फोटोही होता. निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

तपास करणारे जमादार माझ्या ओळखीचे. भला माणूस, उगाच दम देणारा नाही. मला समोर बसवून त्यांनी समजावलं. “ताई, पाय घसरला असता तं चपला पायात राह्यल्या असत्या, नाईतं पान्यात दिसल्या असत्या. कोनी ढकललं असतं तं इकडे तिकडे पडल्या असत्या. मराले निंगालेला मानूस चपला काहाडते, जोडीनं लावते, मंग उडी घेते. कितीक इहिरी पाह्यल्या म्या. असंच असते.”

ते खोटं बोलत नव्हते. विम्याच्या कामात मीही हे पाहिलं होतं. जीव द्यायला निघालेला माणूस चपला का काढून ठेवतो, देव जाणे. कदाचित आयुष्यभराची सवय.

मी गावात गेले. विहिरीला कठडा नव्हता. काठ दगडी, निसरडा, पाणी पार वर आलेलं. काठाशी शेंदूर फासलेले दगड मांडलेले होते. त्या आसरा, पाण्यातल्या देवता. त्यांच्यापुढे आमच्याकडे कोणी पायात घालून जात नाही. मला वाटलं, जमलं की! चपला मरायला नाही काढल्या, आसरांसाठी काढल्या. इतकं सोपं कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

रेखा माझ्याबरोबर आली होती, मुलगी कडेवर. तिनं माझ्या आनंदावर तिथेच पाणी ओतलं.

“नाई मावशी. थे चपला तिकडे निंबाखाली काहाडत. आसराच्या इतक्या जवळ कधीच नाई आनल्या.”

“मंग त्या दिवशी काठावर काहून?”

“थेच तं समजून नाई राह्यलं,” ती म्हणाली आणि मुलीच्या झबल्याला डोळे पुसले.

मग विहिरीत उतरलेला मोटारीचा दोर पाहिला. रेखा म्हणाली, मोटार पाणी उचलत नव्हती, ती वर ओढून बघायची होती. म्हणजे माणूस काम करायला आला होता. ओल्या काठावर, वायरीला हात लावून. करंट बसला असेल का? करंटचा झटका बसला तर पट्टीचा पोहणारासुद्धा दगडासारखा खाली जातो, आणि पाण्यात गेलेल्याच्या अंगावर त्याची खूण उमटतेच असं नाही. मी पारावर जाऊन विचारलं, त्या दिवशी दुपारी लाईन होती का?

झालं! दोन म्हातारे पेटले.

“व्हती. म्या सोता मोटार चालवली.”

“कायची व्हती? मी पंख्याखाली घामाघूम झाल्तो!”

“तुहा पंखा बिघडेल हाय, थ्याले लाईन काय करीन?”

वीज कचेरीत विचारलं तर म्हणाले, असायला पाहिजे होती. ‘असायला पाहिजे’ म्हणजे होती की नव्हती, हे जन्मभर वऱ्हाडात राहून मला कळलेलं नाही. इकडे दिलीपचा शेजारी त्या दिवशी मेडशीला भाच्याच्या सोयरिकीत भात वाढत होता. अख्ख्या पंगतीनं पाहिलेला माणूस. दिलीपला हे सांगितलं तर म्हणाला, “मंग त्यानं दुसरा कोनी पाठवला असंन.” अशा माणसापुढे काय डोकं फोडावं?

मी घरी येऊन डोक्याला तेल थापून बसले. पोहणारा बुडाला. काम अर्धं टाकलेलं. चपला जोडीनं, त्याही जिथे कधी काढत नव्हता तिथे. एक गोष्ट धरावी तर दुसरी हातातून सुटते. खुनाचं काही नव्हतं, अपघात म्हणावा तर चपला आडव्या येत होत्या. त्या चपला नसत्या तर पोलिसांनी आत्महत्या म्हटलंच नसतं. सगळा खेळ चपलांचा. शेवटी ठरवलं, जाऊन शांताबाईला सांगून टाकावं की मला काही कळलं नाही. दुसरा साप वगैरे सांगायला या वेळी तोंड धजेना.

गेले. ओसरीच्या पायरीवर चपला काढल्या. माझ्या गुडघ्यांमुळे मला वाकता येत नाही, मी त्या पायानेच झटकते. एक सरळ राहिली, दुसरी पालथी पडली. शांताबाई तांब्या घेऊन बाहेर आली. “ये वं बाई, बस,” म्हणाली, आणि बोलता बोलता खाली वाकली, पालथी चप्पल उलथली, दुसरीशेजारी सरळ लावली आणि तांब्या माझ्या हातात दिला. तिचं लक्षही नव्हतं.

मी पाणी प्यायचं विसरले. “माय, चप्पल काहून सिधी केली?”

“पालथी चप्पल घरात भांडन लावते, बाई. दिसली का माहा हात राह्यतच नाई.”

हे मला काय नवीन होतं? माझी आई हेच करायची, गुडघ्यांनी हात टेकेपर्यंत मीही करत होते. आपल्या घराघरांत हे चालतं. पण त्या घटकेला मला पोलिसांचा तो फोटो आठवला.

“त्या दिवशी इहिरीवर पह्यले कोन गेल्तं?”

“मीच. जेवाले बलवाले.”

“तवा चपला कशा व्हत्या?”

ती सांगायला लागली, हळूहळू, स्वतःच ऐकल्यासारखी. “एक काठाले व्हती. पालथी. दुसरी तिकडे गवतात. म्या म्हनलं, पाह्य बाप्पा या पोट्ट्याचं! सकायी भांडन झालंच हाय, आता आनखीन लावते काय? दोन्ही आनल्या, सिध्या केल्या, जोडीनं ठेवल्या. म्हनलं, मिटू दे आता आमचं भांडन. मंग आवाज देला, गजू, चाल जेवाले. आवाज नाई आला. मंग वाकून पाह्यलं.”

“पोलिसाले हे सांगतलं का?”

“त्याईनं इचारलं, ह्या चपला कोनाच्या? म्या म्हनलं, गजूच्या.”

आत रेखा भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. शांताबाई आपल्या हातांकडे बघायला लागली. मला रडू आवरेना. इतक्या मयती पाहिल्या, कोणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, पण तिथे ढसाढसा रडले. लेकाशी झालेलं भांडण मिटावं म्हणून त्या बाईनं चपला लावल्या होत्या.

“म्हंजे थो जीव द्याले नव्हता गेला?” तिनं विचारलं.

“चपला त्यानं ठेवल्या नाईत, माय. एवढं पक्कं.”

“अन् ज्यानं पोलिसाले सांगतलं का त्यानं जीव देला, थे म्याच?”

तिला एका ओझ्याखालून काढायला गेले आणि दुसरं तिनं स्वतःच उचललं. आणि एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. वायरीचं काम म्हणून त्या दिवशी त्यानं रबर पायातच ठेवलं असेल, आणि पालथी चप्पल म्हणजे करंटनं उडालेली असेल, घसरताना निसटलेली असेल. पण रागानं भडकलेला माणूस चपला भिरकावूनही उडी घेतो. मग? मग पुन्हा तिथेच. तेव्हाही माझ्या डोक्यात हे गरगरत होतं, आजही गरगरतं.

आम्ही ठाण्यात गेलो. दिलीपही आला. चपला विखुरल्या होत्या हे ऐकून त्याला उलट हुरूप आला. “म्हंजे झटापट झाली! मी म्हनत नव्हतो?” जमादारांनी त्याला बाहेर बसवलं आणि म्हातारीचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

“माय, तवाच काहून नाई सांगतलं?”

“तुमी इचारलं नाई.”

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आता सायबाले काय सांगू? सायब म्हनतीन, मायची माया बोलून राह्यली. लेकावरचा डाग पुसाले आली.”

“डाग नाई पुसत, साहेब,” ती म्हणाली. “चपला जशा व्हत्या तशा लिवून घ्या. एक पालथी, एक गवतात.”

त्यांनी लिहून घेतलं. तिचा अंगठा घेतला. वर पाठवतो म्हणाले, आणि पाठवलंही असेल. पुढे काही आलं नाही. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच विचारलं, “ताई, तुमाले काय वाटते?”

मी विचारलं, “तुमाले काय वाटते?”

त्यांनी समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. आम्ही तो पिऊन संपवला आणि मी बस पकडली.

परवा दिवाळीच्या आधी शेलूबाजारला एका लग्नाच्या बोलणीला गेले होते. काम सुटलं तरी पाय सुटत नाहीत. म्हटलं, म्हातारीला बघून यावं. गेले तर ओसरीच्या पायरीवर चपलांचा नुसता उकिरडा. एकीवर एक चढलेली, एक पायरीखाली, दोन पालथ्या. या घरात! मला वाटलं, म्हातारी आजारी आहे की काय. पण ती दारातच बसली होती, सुपात तूर निवडत. अंगानं सुकली होती. मला बघून खुलली.

“ये वं बाई. रेखा, मावशी आली, चहा टाक.”

मी चपला झटकल्या आणि वर पाय टाकणार, तर पायरीच्या कडेला गजाननच्या मुलीची लाल चप्पल दिसली, तळव्याएवढी. पालथी. माझे गुडघे राहिले बाजूला, भिंतीचा आधार घेऊन मी कशीबशी वाकलेच. हाताला आईची सवय.

“राहू दे!” शांताबाई अशी ओरडली की सुपातली तूर सांडली. “हात नको लावू, बाई. कोनाची चप्पल कशी पडली, थे आपन कायले बदलावं? उद्या कोनी पाहाले आलं तं त्याले जशीच्या तशी दिसली पाह्यजे.”

कोण येणार होतं पाहायला? पण मी हात मागे घेतला, आणि ती चप्पल तशीच पालथी ठेवून आत गेले.